मंगळवारचे ब्रॅकेट

फरिदाबादच्या आमच्या फाउंड्रीत मंगळवारी तयार झालेला माल पास व्हायचा आणि बाकीच्या दिवसांचा नापास. हे वाक्य मी मेटलर्जीची पदवीधर म्हणून लिहिते आहे, आणि लिहिताना आजही थोडी लाज वाटते. पण होतं ते असं होतं.

मी दिल्लीतच वाढले. आम्ही मूळचे नागपूरकडचे बौद्ध. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत लागून दिल्लीला आले आणि आधी सरोजिनी नगरचं छोटं क्वार्टर, मग आर. के. पुरमचं जरा ऐसपैस क्वार्टर, असं करत निवृत्तीच्या उंबरठ्यावर पोचले. आमच्या घरात देव नव्हते, उपासतापास नव्हते आणि मनाला येईल ते ठोकून देऊन सुटायची सोय तर अजिबात नव्हती. शाळेत मार्क कमी पडले तर बाबा रागवत नसत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत, "कारण?" त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. बाजूच्या क्वार्टरमधल्या मैत्रिणीला ते मिळायचे आणि ती पाच मिनिटांत खेळायला मोकळी व्हायची. मी मात्र कारण शोधत बसायची.

बाबा निवृत्त झाले की क्वार्टर सोडायचं आणि नागपूरला जायचं, हे ठरलेलं होतं. तिथे घर बांधून तयार होतं. माझं काय, एवढाच प्रश्न उरला होता. नागपूर मला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं ठाऊक. तिथल्या आत्याने माझ्यासाठी एक स्थळही हेरून ठेवलं होतं आणि ते "फारच शांत" असल्याचं ती दर पत्रात कळवत होती. बाबांनी मात्र सरळ हिशेब मांडला. म्हणाले, "पक्की नोकरी असेल तर इथे हॉस्टेलला राहा. कच्च्या नोकरीच्या भरवशावर मी तुला एकटीला सोडून जाणार नाही." त्यांच्या मते हे फार उदार धोरण होतं. आईच्या मते फाजील लाड होते.

आणि माझी नोकरी होती कच्ची. अगदी कच्च्या कैरीइतकी.

आमच्या मालकांचे वडील सीलिंग फॅनच्या मोटरची ॲल्युमिनियमची आवरणं ओतून मोठे झाले. पंखा छताला टांगलेला असतो, त्याच्या आवरणाला कुणी ताकद विचारत नाही. मग एकदम बाजार उघडला. नव्या गाड्या आल्या, गुरगावच्या बाजूला मोहरीच्या शेतांत फ्लॅटच्या पाट्या उभ्या राहिल्या, आणि मालकांच्या मनात आलं की आपणही कारचे भाग ओतावेत. त्यांनी गुरगावला एक फ्लॅटही बुक करून टाकला. एकदा कामाच्या निमित्ताने मला तिकडे नेलं तेव्हा त्यांनी एका म्हशीच्या डोक्यावरच्या हवेत बोट दाखवून सांगितलं, "वहाँ मेरी बालकनी आएगी." माणूस असा होता. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि प्रत्येक गोष्टीत आधी हो म्हणून नंतर घाबरणारा.

एका कार कंपनीने त्यांना इंजिन धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे नमुने करायला सांगितले होते. हा ब्रॅकेट दिसायला वेडावाकडा हाताच्या पंजाएवढा तुकडा, पण गाडी खड्ड्यात आदळली की सगळा झटका त्याच्यावर. फॅनचं आवरण ओतणाऱ्यांनी ओतलेले पहिले नमुने कंपनीच्या माणसाने हातोडीने तोडून दाखवले, तेव्हा मालकांनी घाबरून मला नोकरीवर ठेवून घेतलं. म्हणाले, "बेटा, सैंपल पास करा दो, तुम पक्की." मी हो म्हटलं. मीही आधी हो म्हणून नंतर घाबरणाऱ्यांतलीच.

आधी मी धातूच्या पोटात काय चाललंय ते पाहिलं. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन घातलं की ते साच्यात छान वाहतं, पण थंड होताना ते सिलिकॉन लांब, धारदार सुयांसारखं गोठतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अंगावर काटा येतो. झटका बसला की चीर त्या सुयांच्या टोकापासून सुरू होते. यावर उपाय जुनाच आहे. वितळलेल्या धातूत चिमूटभर सोडियम घालायचं. तेवढ्याने त्या सुयांच्या बारीक गोल कण्या होतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे फोडणीतल्या हिंगासारखं. नाव कुठे दिसत नाही, पण नसलं की कळतं." मी माझ्या प्रोफेसरांकडून याहून चांगली व्याख्या ऐकलेली नाही.

पण सोडियम हे प्रकरण हिंगाहून नाठाळ. ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागे. धातूत दाबलं की पिवळा भडका उडायचा, धुराचा लोट यायचा आणि लोक खोकत बाहेर पळायचे. बाहेर गेल्यावर आलोच आहोत तर चहा घ्यावा, असा आमच्याकडे रिवाज होता. आणि सोडियमचा गुण असा की ते धातूत फार वेळ टिकत नाही, उडून जातं. चहा संपवून, कालच्या मॅचवर बोलून, मंडळी ओतायला यायची तोवर सोडियम केव्हाच पसार झालेलं असायचं आणि सुया पुन्हा सुयाच. मी आधी चहा बंद करायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न दिल्लीच्या थंडीत कुणी करू नये. मग मी मालकांच्या मागे लागून स्ट्रॉन्शियमच्या कांड्या मागवल्या. बाहेरून येणारा हा माल तेव्हा नुकता सहज मिळू लागला होता. स्ट्रॉन्शियमही तेच काम करतं, पण निवांतपणे. भडका नाही, धूर नाही आणि धातूत बराच वेळ टिकून राहतं. चहा पिऊन आलं तरी चालतं.

त्या आठवड्यात नमुना घासून, चकचकीत करून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि खरं सांगते, मला रडू आलं. एकही सुई नव्हती. सगळीकडे बारीक, मऊ, गोल कण्या. मी त्याचा फोटो काढून घरी नेला. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे चांगलं आहे ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी तो फोटो आमच्या शोकेसमध्ये, मला शाळेत बक्षीस मिळालेल्या कपाशेजारी उभा करून ठेवला. येणारे-जाणारे त्याला चंद्राचा पृष्ठभाग समजायचे आणि बाबा त्यांचा गैरसमज दूर करायचे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ब्रॅकेट आता तुटायचे नाहीत, वाकायचे. म्हणजे मऊ राहायचे.

ओतलेला ब्रॅकेट कडक करायला त्याला भाजावं लागतं. आधी रात्रभर खूप तापवायचा, म्हणजे आतलं मॅग्नेशियम वगैरे सगळं धातूत विरघळतं. सकाळी तो लालबुंद न दिसणारा पण हात लावला तर कातडी सोलून काढणारा तुकडा झटकन गरम पाण्यात बुडवायचा. मग दुसऱ्या, कमी आचेच्या भट्टीत दिवसभर ठेवायचा. या दिवसभरात विरघळलेलं मॅग्नेशियम अगदी सूक्ष्म कणांनी बाहेर येतं आणि धातू कडक होतो. पुस्तकात याला एजिंग म्हणतात. आई म्हणाली, "म्हणजे मुरवायचं." तेव्हापासून मी त्या भट्टीला मुरवणीची भट्टी म्हणू लागले. ती आमच्या अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होती, कपाटासारखी उभी, आणि तिच्यावर एक बिहारकडचे वयस्कर गृहस्थ असायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. डोक्याला मफलर, मितभाषी आणि सांगितलेलं काम जसं सांगितलं तसं करणारे. सगळ्यांचे जेवणाचे डबे गोळा करून वेळेवर वाटणं हेही त्यांच्याकडेच होतं. थंडीतही माझा डबा ते वाफाळता आणून द्यायचे.

मी रोज सकाळी जाऊन भट्टीचा काटा पाहायची. बरोबर. संध्याकाळी पाहायची. बरोबर. आणि तरी ब्रॅकेट मऊ. कंपनीने दुसऱ्यांदा माल परत पाठवला, तेव्हा मालकांचा चेहरा असा झाला की गुरगावची बाल्कनी त्या म्हशीलाच देऊन टाकावी.

मंगळवारची गोष्ट पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आली. मालक बजरंगबलीचे भक्त. दर मंगळवारी त्यांचा उपास असे आणि त्या दिवशी ते कारखान्यात सगळ्यांना बुंदी आणि केळी वाटत. वाटत म्हणजे अशी वाटत की पोटात दुसरं काही जाऊ नये. त्यामुळे ज्यांचा उपास होता ते आणि ज्यांचा नव्हता ते, सगळेच मंगळवारी बुंदीवर राहायचे. मीसुद्धा. आईला मी सांगून टाकलं होतं की मंगळवारी डबा नको. आमच्या घराण्यातली मंगळवार करणारी मी पहिलीच, पण ते साखरेच्या पाकामुळे.

"देखो," मालक एक दिवस माझ्या टेबलावर ब्रॅकेट आपटत म्हणाले, "मंगल का माल. हर मंगल का माल कड़क. बाकी सब हलवा."

मी तपासून पाहिलं. खरंच होतं. पुन्हा पुढच्या मंगळवारी पाहिलं. खरंच होतं. मी वीजपुरवठा पाहिला, पाणी पाहिलं, कोणत्या दिवशी कोण ओततं ते पाहिलं. काही हाती लागेना. नाकी नऊ आले. रात्री जेवताना मी हे बाबांना सांगितलं आणि लगेच पश्चात्ताप झाला.

"बेटा," बाबा घास हातात धरून म्हणाले, "उपासाने माणूस मऊ पडतो. ॲल्युमिनियम कडक कसं होईल? कारण शोध."

"शोधतेय ना, बाबा!"

"शोधतेयस तर बुंदी कशाला खातेस?"

आई हसली. मला हसू आलं नाही. क्वार्टरमध्ये सामानाची आवराआवर सुरू झाली होती. भिंतीवरची कॅलेंडरं निघाली होती, आणि बाल्कनीत अडगळीचा एक डोंगर उभा राहत होता, ज्यातलं काय न्यायचं आणि काय नाही यावर आईबाबांचं रोज भांडण व्हायचं. त्या डोंगराच्या टोकावर आमचा तांब्याचा बंब होता. गीझर आल्यापासून त्यात कुणी पाणी तापवलं नव्हतं. आईला तो नागपूरला न्यायचा होता, बाबांना कबाडीवाल्याला द्यायचा होता. मला तो बंब पाहिला की वाटायचं, आपलंही असंच आहे, न्यायचं की ठेवायचं याचा निर्णय व्हायचाय.

अशात कार कंपनीचा निरोप आला. त्यांचा क्वालिटीचा माणूस स्वतः येणार, सकाळी ब्रॅकेट पाण्यात बुडवण्यापासून संध्याकाळी कडकपणा मोजण्यापर्यंत सगळं उभं राहून पाहणार, आणि त्या दिवशीचा निकाल तो शेवटचा. दिवस त्यानेच ठरवला होता. शुक्रवार.

"शुक्रवार!" मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फोन करून मंगळवारसाठी विनवणी करून पाहिली. तिकडून नकार आला. मग त्यांना एक कल्पना सुचली. शुक्रवार मंगळवार होऊ शकत नसेल, पण शुक्रवारी उपास तर होऊ शकतो! त्यांनी जाहीर केलं की गुरुवारी आणि शुक्रवारी अख्खा कारखाना व्रत ठेवणार. आणि हे खरं व्रत, बुंदीवालं नव्हे. फक्त चहा. गुरुवारी तालीम, शुक्रवारी परीक्षा. लोकांनी कुरकुर केली, पण मालकांनी संकट असं काही रंगवून सांगितलं की सगळे तयार झाले. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुम्हारी मर्ज़ी, मॅडमजी. तुम्हारे यहाँ नहीं मानते, मुझे मालूम है."

मी मानत नव्हतेच. आणि मला चीडही आली होती. एवढं स्ट्रॉन्शियम, एवढा सूक्ष्मदर्शक, आणि शेवटी श्रेय बुंदीला. गुरुवारी मी मुद्दाम डबा घेऊन गेले. मेथीची भाजी, पोळ्या आणि वर आईने दिलेला भाताचा छोटा डबा. सकाळी नेहमीसारखा चाचांच्या हवाली केला आणि दुपारी माझ्या खोलीचं दार लोटून, उपाशी माणसांना वास जाऊ नये म्हणून खिडकीही लावून, डबा उघडला.

गार. नुसता गार नाही, भाजीवरचं तेल थिजून पांढरं झालेलं. पोळी अशी की ब्रॅकेट म्हणून पाठवली असती तर पास झाली असती.

मला इतका राग आला की मी डबा घेऊन तडक अंगण ओलांडून गेले. चाचा भट्टीपाशी स्टुलावर बसून उन्हं खात होते.

"चाचा, आज डिब्बा एकदम ठंडा?"

"आज तो सबका बरत है, मॅडमजी," चाचा शांतपणे म्हणाले. "एक डिब्बे के लिए भट्ठी कौन ठंडी करे."

मी तशीच उभी राहिले. हातात डबा, समोर मुरवणीची भट्टी. मग मी हळूच विचारलं, "भट्ठी ठंडी करते हैं? रोज़?"

चाचांनी सगळं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं त्यांना काहीच वाटत नव्हतं, आणि नव्हतंही. डबे पहिल्यापासून याच भट्टीत गरम होत. पूर्वी सगळ्यांचे डबे स्टीलचे, त्यामुळे भट्टीची आच आहे तशीच ठेवून डबे आत-बाहेर करता येत. मग परदेशी पद्धतीचे हवाबंद प्लॅस्टिकचे डबे आले. मालकांच्या मेहुणीने दुबईहून एक आणला, निळ्या झाकणाचा. पहिल्याच दिवशी तो भट्टीत वितळून राजमा-चावलसकट तव्यासारखा चपटा झाला. मालकांनी अख्खा कारखाना डोक्यावर घेतला आणि हुकूम सोडला की डबे ठेवण्याआधी भट्टी थंड करायची. तेव्हापासून चाचा रोज दुपारी बटण खाली फिरवायचे, दार उघडून आच उतरू द्यायचे, डबे गरम करायचे आणि जेवणं झाली की बटण पुन्हा वर. मी काटा पाहायला जायची सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळी मी माझ्या खोलीत बसून वाफाळती भाजी खात असायची.

म्हणजे ब्रॅकेट मुरायच्या ऐन वेळी भट्टी डबे सांभाळत होती. आणि मंगळवारी डबेच नसायचे.

मला नाचावंसं वाटलं. मी चाचांना नमस्कार केला. त्यांनी गोंधळून उलट नमस्कार केला आणि म्हणाले, "लाइए, चाय के चूल्हे पर गरम कर देता हूँ."

मालकांना सांगणं हे जास्त अवघड काम होतं. त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळचा माल तोवर कडक निघाला होता, त्यामुळे ते खुशीत होते. निळ्या झाकणाच्या डब्याचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण थोडाच वेळ.

"मतलब व्रत रखा तो डिब्बा नहीं आया," ते म्हणाले. "डिब्बा नहीं आया तो माल कड़क हुआ. तो बेटा, बजरंगबली ने ही तो डिब्बा रुकवाया! कल भी रुकवा लेते हैं. पास हो जाएगा. तुम भी पक्की."

यावर मेटलर्जीच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. आणि खरं सांगायचं तर मोह मलाही झाला. एक दिवस लोक उपाशी राहिले तर काय बिघडणार होतं? शुक्रवार निघून गेला असता, मी पक्की झाले असते आणि आत्याचं शांत स्थळ शांतपणे दुसरीकडे गेलं असतं. पण मला ते सहन होईना. मी म्हटलं, "सर, सोमवार को क्या करेंगे? ऑर्डर आ गया तो रोज़ व्रत रखवाएँगे? कल सब खाएँगे. गरम खाना खाएँगे. और भट्ठी को कोई हाथ नहीं लगाएगा."

"और फेल हुआ तो?"

"तो मैं नागपुर."

मालक आपल्या स्वभावाप्रमाणे हो म्हणाले आणि लगेच घाबरले.

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, "कारण सापडलं." सगळी हकीकत ऐकून बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी विचारलं, "मग उद्या डबे गरम कुठे करणार?" मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "बंब? अगं, तो मला नागपूरला न्यायचाय!" बाबा म्हणाले, "जाऊ दे तो फरिदाबादला. भांडण तरी मिटेल." नंतर एकदम गंभीर होऊन म्हणाले, "तुझी खात्री आहे ना, बेटा?"

"कारण सापडलंय म्हटलं ना, बाबा. आता कसली भीती?"

"बिलकुल. मग भीती नाहीच," बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. तो पेपर त्यांनी सकाळीच वाचलेला होता.

शुक्रवारी धुक्यात मी बंब घेऊन ऑफिसवाल्यांच्या रोजच्या चार्टर्ड बसमध्ये चढले. आमच्या बसमध्ये मागच्या बाकांवर रोज पत्त्यांचा डाव रंगायचा. मंडळींनी बंबाचं मनापासून स्वागत केलं, त्यावर ब्रीफकेस आडवी ठेवली आणि बदरपूर येईपर्यंत त्यावर रमी खेळली. "मॅडम, कल भी लाइएगा," असं त्यांनी उतरताना सांगितलं.

फाउंड्रीत निखाऱ्यांना तोटा नव्हता. चाचांनी बंब पेटवला, त्याचं कढत पाणी एका मोठ्या टबात सोडलं आणि त्यात सगळे डबे ओळीने उभे केले. स्टीलचे उभे राहिले, प्लॅस्टिकचे बदकासारखे तरंगू लागले. मुरवणीच्या भट्टीला मी कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. कंपनीचा माणूस, एक सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ, सकाळपासून हात मागे बांधून सगळं पाहत होते. जेवणाच्या वेळी त्यांनी टब पाहिला, बंब पाहिला, तरंगणारे डबे पाहिले आणि विचारलं, "ये आपके प्रोसेस का हिस्सा है?"

"सबसे ज़रूरी हिस्सा," मी म्हटलं.

सगळे पोटभर जेवले. पाहुण्यांनी दोनदा राजमा घेतला. फक्त मालक ताट पुढे न घेता बसले होते. पोट बिघडलंय म्हणाले. दिवसभर ते भट्टीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून भट्टीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. मी मात्र खुर्चीत बसून पर्समधली किल्ली पुन्हा पुन्हा चाचपत होते. एक सांगायला हवं, कारण सापडलं की भीती जाते हे साफ खोटं आहे.

संध्याकाळी कुलूप उघडलं. कडकपणा मोजायची तऱ्हा साधी असते. एक पोलादी गोळी ब्रॅकेटवर जोराने दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. खळगा मोठा तर धातू मऊ, लहान तर कडक. पाहुण्यांनी भिंग लावलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अगला." मी दुसरा दिला. "अगला." मग आणखी एक. शेवटी ते सरळ उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक है. सब ठीक है." एवढंच. पण माझा जीव भांड्यात पडला आणि चाचांनी मफलर काढून हवेत फिरवला. हे त्यांच्याकडून कुणालाच अपेक्षित नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मालकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आज से तुम पक्की." आणि मग विजयी सुरात, "पता है क्यों पास हुआ? मैंने सुबह से पानी तक नहीं पिया."

मी हात जोडले. मी इतका प्रयोग केला, अख्ख्या कारखान्याला जेवू घातलं, तरी त्या माणसाने मला जिंकू दिलं नाही. मग मी स्वतः त्यांना टबातला शेवटचा डबा काढून दिला, आणि त्यांनी तो उभ्याउभ्या संपवला.

घरी पोचले तर आईने दारातच विचारलं. मी मान डोलावली. तिने मला घट्ट धरलं आणि लगेच म्हणाली, "म्हणजे आता तू येणार नाहीस." तिचे डोळे भरून आले होते. माझेही. इतके दिवस मी फक्त राहायला मिळावं म्हणून धडपडत होते. राहायचं म्हणजे यांच्याशिवाय राहायचं, हे मला त्या दारात पहिल्यांदा कळलं.

बाबा आत पेपर वाचत होते. आईचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "छान झालं," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं." आणि त्यांनी पेपर आणखी वर धरला.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर बाबांचा ऑफिसचा डबा होता. उचलला तर जड. उघडला. सकाळी आईने दोघांना एकसारखाच डबा दिला होता, फ्लॉवरची भाजी आणि पोळ्या. माझा कधीच संपला होता. बाबांचा जसाच्या तसा होता. पोळीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी तो डबा हातात घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मला ही संधी मिळाली होती.

"बाबा," मी विचारलं, "कारण?"

बाबांनी पेपर खाली केला नाही. "भूक नव्हती," ते पेपरामागून म्हणाले.

मी भाजी कढईत घालून गरम केली, पोळ्या तव्यावर शेकल्या आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. बाबा पेपर बाजूला ठेवून जेवायला बसले, आणि मी त्यांच्याशेजारी बसून त्यांचं संपेपर्यंत पाहत राहिले.